फकीरव्वाची दुसरी बरणी

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फकीरव्वा हडपदइतकी तोंडाळ बाई मी सबंध गदग जिल्ह्यात पाहिलेली नाही, आणि हे मी म्हणतेय म्हणजे बघा. मीही काही तोंडाची गरीब नाही. एकतीस वर्षं चौथीला शिकवतेय, माझा आवाज बसस्टँडपर्यंत जातो असं गाव म्हणतं. मुलं मला 'अक्कोर' म्हणतात, आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला तसंच म्हणतात. फकीरव्वाही तेच म्हणते. फक्त तिच्या 'अक्कोर'मध्ये एखाद्या दिवशी गूळ असतो आणि बाकी सगळे दिवस हिरवी मिरची.

माझ्या वर्गाला एका बाजूला हेडमास्तरांची खोली आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. मधे एक खिडकी. त्या खिडकीतून एकोणीस वर्षं फकीरव्वा माझा वर्ग ऐकत आली आणि मी तिच्या सारूची, चिंचेच्या आमटीची, फोडणी हुंगत आले. दोघींनी एकमेकींना कधी 'जरा हळू' म्हटलं नाही.

गेल्या दसऱ्यानंतर एक दिवस हेडमास्तर अंगडी सरांनी मला बोलावलं. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

'विशालाक्षी मॅडम, जेवणानंतरच्या तासाला मला फोनवर बोलता येत नाही हो. वर्ग आहे की बैलांचा बाजार?'

'मुलं आहेत सर, बोलणारच.'

'संक्रांतीपर्यंत बघतो. तोवर आवाज कमी झाला नाही तर चौथी नव्या मॅडमना देतो. तुम्ही ऑफिसात बसा, ऑनलाइन माहिती भरायचं काम बघा.'

ऑनलाइन माहिती! ज्या गावात निम्म्या घरांतल्या आईबापांचे कान मी पिळलेत, तिथं शेवटचं दीड वर्ष मी कॉम्प्युटरच्या डब्यासमोर बसून बटणं दाबू? तोंडचं पाणीच पळालं माझ्या. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि रडले. फकीरव्वानं कडक भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा पुढे केला.

'रडून झालं की ताट धुवून ठेवा,' म्हणाली.

त्याच आठवड्यात धारवाडहून मृत्युंजय सर आले. तिशीचा पोरगा, जाड चष्मा, खांद्याला झोळी. वर्गात मुलं कशी वागतात आणि शिकवणारे ते कसं सांभाळतात, यावर त्यांचा मोठा अभ्यास चालला होता. अंगडी सरांनी फार आनंदानं त्यांना माझ्या वर्गाचा रस्ता दाखवला. मृत्युंजय सरांनी मला दोन पानी कागद दिला, 'अक्कोर, नीट वाचून मगच सही करा,' म्हणाले. मी सही केली. एकतीस वर्षांत इतक्या कागदांवर सह्या केल्यात की वाचायची सवयच मोडलीय.

सर मागे खुर्ची टाकून बसले आणि काय सांगू, माझी पोरं देवळातल्या मूर्तींसारखी झाली! साहेब तपासणीला आलेत असं त्यांना वाटलं. हाताची घडी, तोंडावर बोट. जयश्री दर दहा मिनिटांनी सरांना पाणी नेऊन देत होती. मी तर हवेत. दोन आठवडे असे गेले, पण सरांचा चेहरा रोज उतरत चालला.

'अक्कोर, ही मुलं मला दाखवायला बसलीत,' ते म्हणाले. 'हे टिपलेले कागद फाडावे लागणार.'

मग त्यांनी खुर्ची सोडली. मुलांच्या पंगतीला जेवायला लागले, मागे सतरंजीवर बसायला लागले, कुणी नमस्ते म्हटलं तर जांभई द्यायला लागले. बाराव्या दिवशी मल्लेशीनं भिरकावलेली चप्पल सरांच्या कानाजवळून गेली. सरांचा चेहरा असा उजळला, जणू मुलगा झाल्याची बातमी आली.

'विसरले मला!' म्हणाले. 'आता सुरुवात करता येईल.'

पण एकट्याच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. दोघांनी एकाच वेळी बघायचं, एकमेकांचं न बघता टिपायचं आणि मग जुळवायचं. दोघांचं जुळलं तरच ते खरं धरायचं, अशी त्यांची पद्धत. दुसरा माणूस आणायचा कुठून? सगळ्यांना आपापले वर्ग. फकीरव्वा ताटं गोळा करायला आली होती, ती तिथंच थांबली.

'बघायचंच आहे ना? मी एकोणीस वर्षं बघतेय. फुकट.'

'टिपावं लागेल हो,' सर म्हणाले.

'लिहिता येत नाही मला. मोजता येतं. दोनशे दहा पोरांचा तांदूळ मी काय अंदाजानं टाकते?'

अशी फकीरव्वा ड्युटीवर लागली. 'ड्युटी' हा तिचाच शब्द. जेवणानंतरचा चाळीस मिनिटांचा तास. भांडी दुसरी बाई घासायची. फकीरव्वा तोंड धुऊन, कुंकू ठळक करून यायची. सारूच्या चिंचेतले चिंचोके ओच्यात, पुढ्यात पत्र्याचा एक डबा आणि शेजारी लोणच्याची जुनी छोटी प्लास्टिकची बरणी. सरांच्या फोनमध्ये दर मिनिटाला 'टिक्' वाजायचं. ऐकायच्या वायरीचं एक टोक सरांच्या कानात, दुसरं फकीरव्वाच्या. टिक् झालं की मान वर करायची, कुणी गडबड करताना दिसलं तर चिंचोका डब्यात टाकायचा. एकमेकांचं दिसू नये म्हणून मधे तिनं आपलं सूप उभं केलं होतं.

गावाला हसायला निमित्तच मिळालं. पाराजवळ कुणीतरी म्हणालं, 'फकीरव्वा, नव्या मास्तराबरोबर गाणी ऐकतेस म्हणे?'

'ऐकते की! चाळीस मिनिटांचं गाणं आहे, तुझ्या बायकोच्या बडबडीपेक्षा बरं!'

गडबड म्हणजे काय, हे आधी ठरवायला एक अख्खी दुपार गेली. सर म्हणाले, जागा सोडून भटकणं, मारणं, दुसऱ्याची वस्तू ओढणं, कामाचं सोडून भलतंच बोलणं.

'झोपला तर?' फकीरव्वा.

'ती गडबड नाही.'

'घोरला तर?'

सरांनी विचार केला आणि वहीत लिहून घेतलं. 'घोरणं गडबडीत धरू.'

'आणि पादला तर?'

'मुद्दाम की आपोआप ते आपल्याला कळणार नाही,' सर गंभीरपणे म्हणाले. 'सोडून देऊ.'

मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले.

पहिल्या दिवशी सरांचे सत्तावीस झाले, फकीरव्वाचे सव्वीस. तिचा पहिला चिंचोका कुणासाठी पडला माहीत आहे? तिच्या स्वतःच्या नातीसाठी, रेणीसाठी. संध्याकाळी रेणी फुगून बसली. 'आज्जी, मी फक्त खोडरबर मागितलं.'

'मागितलं नाहीस, ओढलंस. मी तिथं आज्जी नाही,' फकीरव्वा म्हणाली.

आता खरी गंमत. पत्र्याच्या डब्यात चिंचोका पडला की आवाज होतो, हे त्या शहाण्या सरांच्याही ध्यानात आलं नव्हतं. टण्! चौथ्या दिवशी मुलांना उमगलं की हा टण् आपला आहे. टण् झालं की एकतीस माना मागे वळायच्या, मल्लेशी पटकन वहीत डोकं घालायचा. तास संपला की सगळी डब्यावर झडप घालून फकीरव्वाला विचारायची, 'यव्वा, आज किती?' सव्वीसचे सतरा झाले, सतराचे आठ, आठाचे चार. पलीकडे अंगडी सर आरामात फोनवर बोलताना मला स्वतःच्या कानांनी ऐकू येत होतं. मी घरी जाताना मंडक्की-मिरची, म्हणजे मुरमुरे आणि मिरचीची भजी घेतली, एकटीनं दोन प्लेट खाल्ल्या.

आणि मृत्युंजय सर कपाळाला हात लावून बसलेले.

'अहो, आपण मोजायला बसलो होतो, आपला डबाच औषध होऊन बसला!'

'मग बरंच झालं की!' मी म्हणाले.

'अक्कोर, कशानं बरं झालं ते कळायला नको? थंडी पडली म्हणून असेल, गणिताचा धडा सोपा असेल.' मग एकदम त्यांचे डोळे चमकले. 'फकीरव्वा, डब्यात एक चिंधी घाला.'

जुन्या लुगड्याची चिंधी घातली. चिंचोके गुपचूप पडायला लागले आणि दोन दिवसांत माझा वर्ग पुन्हा बैलांच्या बाजारावर आला. पंचवीस! सर खूश. पुढच्या आठवड्यात चिंधी काढली, आकडा पाचावर आला. सर आणखी खूश.

'आता पुन्हा एकदा चिंधी घालू,' म्हणाले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'अहो सर, तापात पडलेल्याला गोळी लागू पडली तर ती परत काढून घेता का तुम्ही?'

'एकदा दिसलं तो योगायोग असू शकतो. दोन-दोनदा तसंच दिसलं की मग छातीवर हात ठेवून सांगता येतं.'

त्यांचं बरोबर असेल. पण हा दुसरा चिंधीचा आठवडा नेमका संक्रांतीच्या आधीचा होता. आणि अंगडी सरांनी निरोप धाडला, शुक्रवारी जेवणानंतरच्या तासाला मी स्वतः वर्गात येऊन बसणार, मग चौथीचं काय ते ठरवणार.

गुरुवारी मी स्वयंपाकघरात शिरले. फकीरव्वा चिंच फोडत होती.

'फकीरव्वा, उद्यापुरती चिंधी काढ.'

'नाही.'

'अगं, चाळीस मिनिटं! सरांना मी सांभाळते. परवा परत घाल.'

'नाही म्हटलं ना.'

'माझा वर्ग जाईल!'

'माहीत आहे.'

'एकोणीस वर्षं तुझ्या हातचं खातेय मी...'

'म्हणजे मीठ तुम्ही माझं खाल्लंय,' ती म्हणाली. 'मी तुमचं नाही.'

मी इतकी चिडले की तिला नाही नाही ते बोलले. डोक्यावर बसवून ठेवलंय सरांनी, चार चिंचोके टाकता आले की स्वतःला साहेबीण समजते, असलं काहीबाही. एरवी एकाला चार ऐकवणारी फकीरव्वा त्या दिवशी नुसती चिंच फोडत राहिली. ते झाल्यावर तिनं हात पुसले.

'अक्कोर, मी याच शाळेत सव्वा वर्ष होते. दुसरीत. मास्तर म्हणाले, ही पोरगी सारखी बोलते. मला बाहेर कडुलिंबाखाली बसवलं. रोजच. मग मी खुरपायला जायला लागले, आणि कुणी बोलवायला आलं नाही.' ती माझ्याकडे बघत होती. 'सारखी म्हणजे किती हो? कुणी मोजलं होतं? मला आठवतंय, त्या दिवशी मी दोनदा बोलले होते. फक्त दोनदा.'

मी जमिनीवरचा एक चिंचोका उगाच उचलून ठेवला.

'मी मोजण्यात खोटेपणा केला तर मग त्या मास्तरात आणि माझ्यात फरक काय राहिला?' ती म्हणाली. 'जा आता. भाकरी करपेल.'

मी घरी गेले. लाज वाटत होती आणि रागही गेला नव्हता, दोन्ही एकदमच.

शुक्रवारी अंगडी सर खुर्ची घेऊन मागे बसले. त्यांच्या एका बाजूला मृत्युंजय सर, मधे सूप, पलीकडे फकीरव्वा. डब्यात चिंधी. हेडमास्तरांना बघून पोरं पाच मिनिटं गप्प राहिली, पण अंगडी सर रोज दिसणारे, त्यांचं कौतुक किती वेळ टिकणार? मल्लेशी बाकाखालून पलीकडे निघाला. खिडकीकडच्या रांगेत पेन्सिलीवरून जुंपली. कुणीतरी घोरण्याचं सोंग आणलं, दहा जण खिदळले. अंगडी सरांनी घड्याळ बघितलं. मला कळून चुकलं, गेली माझी चौथी.

मी छाती भरून श्वास घेतला. बसस्टँडपर्यंत जाणारा आवाज अगदी गळ्याशी आला होता. तेवढ्यात माझी नजर फकीरव्वावर गेली.

तिचा हात उचललेला होता आणि दोन बोटांत चिंचोका. पण हात पत्र्याच्या डब्यावर नव्हता, प्लास्टिकच्या बरणीवर होता. आणि ती मुलांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

ती बरणी मी दीड-दोन महिने रोज बघत होते. उरलेले चिंचोके ठेवायला असेल असं समजून चालले होते. कधी ती गळ्यापर्यंत भरलेली असायची, कधी नुसता तळ झाकलेला. चिंधीच्या दिवसांत भरलेली. टण्-टण्च्या दिवसांत रिकामी. त्या क्षणी मला तो दोन पानी कागद आठवला. सही करताना दुसऱ्या पानावर वर्गात शिकवणाऱ्याबद्दलही काहीतरी ओझरतं दिसलं होतं. अगोबाई, म्हणजे ती बरणी माझी होती! मी ओरडले की एक चिंचोका.

मी तोंड मिटलं. भरून घेतलेला श्वास कुठं सोडावा ते कळेना, तसाच नाकातून सोडला. एवढ्या गोंधळात एकटी रेणी भागाकार सोडवत होती. मी तिच्यापाशी गेले आणि हळूच म्हणाले, 'छान मांडलास गं. शेवटची बाकी बघ, बरोबर आली.' शेजारची जयश्री डोकावली. 'अक्कोर, माझं?' तिचंही बघितलं. मग पुढचा बाक. मला हळू बोलताना ऐकायला पोरांना गप्प बसावं लागत होतं, हे मला एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मल्लेशी बाकाखालून बाहेर आला आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

'अक्कोर, तुम्हाला बरं नाही का?'

'बरं आहे रे बाबा. वही दाखव.'

'भागाकार येत नाही मला.'

'म्हणून बाकाखाली होतास होय? सरक, मी बसते.'

मी त्याच्या बाकावर बसले. दहा-बारा मिनिटांत वर्ग कामाला लागला. अगदी गप्प नव्हता, कुजबुज होती, पण ती भागाकाराची कुजबुज होती. घंटा झाली तेव्हा अंगडी सर माझ्याजवळ आले. मी ऑनलाइन माहितीची बटणं डोळ्यांपुढं आणून उभी राहिले.

'मॅडम,' ते म्हणाले, 'एकदा माझ्या सातवीला येता का? ती पोरं मला बोलूच देत नाहीत.'

'आणि चौथी?'

'चौथी तुमचीच हो. आणखी कुणाची?'

मी अक्षरशः धावत स्वयंपाकघरात गेले. तिथं मृत्युंजय सर चिंचोके मोजून वहीत लिहीत होते. डब्यात अकरा, बरणीत एकही नाही.

'सर, आजचा दिवस धरू नका,' फकीरव्वा म्हणाली.

'का हो?'

'अक्कोरनी माझा हात बघितला. बरणी कसली ते त्यांना कळलं. आजचं खरं नाही.'

सरांनी वहीवर बोट ठेवलं, उसासा टाकला आणि त्या शुक्रवारवर आडवी रेघ मारली. माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास, तो त्या अभ्यासात नाही! मला इतकं हसू आलं की मी पोतं धरून खाली बसले.

मग सरांनी मला आधीच्या दिवसांचा आलेख दाखवला. दोन रेषा, एक मुलांची, एक माझी. एक चढली की दुसरी चढत होती, आणि त्यांच्या मिनिटामिनिटाच्या नोंदीत बहुतेक वेळा माझी आधी.

'म्हणजे डब्याच्या टण्मुळं नव्हे तर...'

'टण्मुळं मुलं गप्प झाली. मुलं गप्प म्हणून तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ओरडला नाहीत म्हणून मुलं आणखी गप्प,' सर म्हणाले. 'कशाचा किती वाटा, ते अजून मलाही सांगता येणार नाही. दुसऱ्या शाळांत बघावं लागेल.'

'म्हणजे एकतीस वर्षं दंगा मीच करत होते?'

'सगळा नाही,' फकीरव्वा म्हणाली. 'मल्लेशीचा मल्लेशीचाच.'

सर झोळी आणायला गेले. मी उठून तिच्या हाताला धरलं, त्याला सकाळच्या कांद्याचा वास येत होता. कालचं बोलणं पोटात घाल, म्हणाले. 'काल काय बोललात? मला भाकरीचा वास येत होता, ऐकू नाही आलं,' ती म्हणाली.

'खरं सांग. चिंचोका टाकायला एवढा वेळ लागतो का? मुद्दाम धरून ठेवलास ना हात वर?'

'थंडीचे दिवस, अक्कोर,' ती म्हणाली. 'वातानं अवघडतो हात.'

संक्रांतीला तिनं मला मूठभर कुसरेळ्ळू, म्हणजे तिळाचा हलवा, जास्त दिले आणि ते बरणीतून आणले होते. बरणी आता माझ्या टेबलावर आहे, खडू ठेवायला.

मृत्युंजय सर गेले, ड्युटी संपली, फकीरव्वा पुन्हा खिडकीच्या पलीकडे. पण माझा स्वभाव काय एका शुक्रवारात जाणार आहे? चुकून आवाज चढलाच तर पलीकडून भाताच्या पातेल्यावर डाव आपटतो. टण्! एकतीस माना खिडकीकडे वळतात, मग माझ्याकडे. मल्लेशी बोट वर करून ओरडतो, 'एक!' मी हसते, पोरं हसतात, आणि धडा पुढं जातो.

शाळा सुटताना ती खिडकीत येते. काल मी पिशवी भरत होते. गजांना धरून उभी राहिली, कपाळावर पीठ लागलेलं.

'आज दोनदा झालं, अक्कोर,' म्हणाली. 'फक्त दोनदा. मी मोजलंय.'